कर्नलला पहिला पॅच: लिहिण्यापासून मर्ज होईपर्यंत

लिनक्स कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, कोड गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर दिसतो, तिथे पुल रिक्वेस्टचं, म्हणजे ‘माझा बदल घ्या’ असं सुचवायचं बटणही दिसतं आणि कुणी ना कुणी ते दाबत असतं. त्याचं पुढे काही होत नाही, कारण गिटहबवर आहे ती नुसती प्रत. कर्नलचं खरं कामकाज चालतं ईमेलवर. पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल, साध्या मजकुराच्या मेलमधून जातो, चर्चा त्याच मेलच्या उत्तरांत होते आणि सगळं ‘लोअर’ या सार्वजनिक संग्रहात राहतं. २००५ मध्ये कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं बिटकीपर हे साधन वापरणं अशक्य झालं तेव्हा लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने त्याच कामासाठी गिट लिहिलं. मेलमधून येणारे पॅच झटपट लावता यावेत, ही तेव्हाचीही मोठी गरज होती.

ही पद्धत जुनाट वाटते, आणि सुरुवातीला त्रास देते हेही खरं. पण तिच्यामागचं गणित कळलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. कर्नलला कोड लिहून देणारे भरपूर आहेत, तो नीट वाचणारे कमी आहेत. एकेका मेंटेनरकडे, म्हणजे कर्नलचा एखादा भाग सांभाळणाऱ्याकडे, रोज ढीगभर पॅच येतात. तुमचा पॅच त्याला किती पटकन समजतो आणि किती खात्रीने घेता येतो, यावर त्याचं नशीब ठरतं. खालची प्रत्येक पायरी शेवटी वाचणाऱ्याचा वेळ वाचवण्यासाठीच आहे.

काय दुरुस्त करायचं

नवखे लोक बहुधा ‘चेकपॅच’ नावाची स्क्रिप्ट कुठल्यातरी जुन्या फाइलवर चालवतात आणि ती दाखवेल त्या स्पेस-टॅबच्या चुका सुधारून पाठवतात. बऱ्याच सबसिस्टिममध्ये, म्हणजे कर्नलच्या विभागांत, हे पॅच नकोसे असतात. वर्षानुवर्षं नीट चालणाऱ्या कोडमध्ये केवळ देखणेपणासाठी हात घातला की इतिहास गढूळ होतो आणि जुन्या आवृत्त्यांमध्ये दुरुस्त्या नेणं अवघड जातं. याला एक अपवाद ‘ड्रायव्हर्स’मधल्या ‘स्टेजिंग’ या डिरेक्टरीचा. अजून दर्जाला न उतरलेले ड्रायव्हर तिथे ठेवलेले असतात, अशी साफसफाई तिथे चालते आणि बऱ्याच ड्रायव्हरसोबत ‘टूडू’ नावाची फाइलही असते. मेल पाठवण्याची सवय व्हावी म्हणून इथे एखाद-दुसरा पॅच जरूर पाठवा. मात्र तिथेच मुक्काम ठोकू नका.

खरा बग शोधायचा असेल तर स्वतःच्या लॅपटॉपपासून सुरुवात करा. ‘डीमेसेज’मध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत, दर बूटला येणारी एखादी तक्रार, झोपवून उठवल्यावर न चालणारा टचपॅड, असं काहीतरी सापडतंच. हार्डवेअर तुमच्या हातात असतं, म्हणजे दुरुस्ती तपासताही येते. दुसरी जागा म्हणजे ‘सिझबॉट’. हा यांत्रिक तपासनीस कर्नलला वेड्यावाकड्या सिस्टिम कॉल देऊन पाडतो आणि त्याचे अहवाल सर्वांसाठी खुले असतात. तिसरी, कुणाच्या फारशी लक्षात न येणारी जागा म्हणजे दस्तऐवज. ते बांधताना येणाऱ्या इशाऱ्यांमध्ये छोटी पण खरी कामं मिळतात.

या लेखापुरतं एक उदाहरण धरून चालू. समजा, एका ड्रायव्हरच्या ‘प्रोब’ या, डिव्हाइस सुरू करताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये आधी ‘के-झॅलॉक’ने मेमरी घेतली आहे. पुढच्याच पायरीला क्लॉक (हार्डवेअरला लागणारा घड्याळाचा सिग्नल) मिळाला नाही तर फंक्शन एरर देऊन थेट परत जातं आणि घेतलेली मेमरी कुणीच ‘के-फ्री’ने सोडत नाही. असा मेमरी लीक एरर पाथवर, म्हणजे काही फसल्यावरच्या वाटेवर, कायम सापडतो, कारण तो रस्ता क्वचितच चालतो आणि चाचणीतही सुटतो.

कुठल्या ट्रीवर काम करायचं

लिनसची ट्री, म्हणजे कर्नलच्या कोडची त्याच्याकडची मुख्य प्रत, उतरवून तिच्यावर काम सुरू केलं तर बऱ्याचदा चालून जातं, पण सबसिस्टिमची ट्री तिच्या पुढे गेलेली असू शकते आणि मग तुमचा पॅच लागतच नाही. कर्नलच्या मुळाशी ‘मेंटेनर्स’ नावाची मोठी फाइल आहे. त्यात प्रत्येक भागाचे मेंटेनर, मेलिंग लिस्ट आणि ट्री दिलेली असते, ती बघून घ्या. नेटवर्किंगमध्ये दोन ट्री आहेत. दुरुस्त्या ‘नेट’मध्ये आणि नव्या गोष्टी ‘नेट-नेक्स्ट’मध्ये जातात. कुठल्या ट्रीसाठी पाठवताय ते विषयाच्या ओळीतच लिहायचं असतं.

वेळापत्रकही माहीत हवं. नवी आवृत्ती आली की दोन आठवडे मर्ज विंडो उघडी असते. त्या काळात मेंटेनर आपापलं जमवलेलं काम लिनसकडे पाठवतात. मग आरसी-१ ही पहिली चाचणी आवृत्ती येते, पुढे दर आठवड्याला एक याप्रमाणे बहुधा आरसी-७पर्यंत, आणि नऊ-दहा आठवड्यांत चक्र पुरं होतं. मर्ज विंडोच्या दोन आठवड्यांत नवा पॅच पाठवणं म्हणजे लग्नघरात ऐन मुहूर्ताला हिशेब विचारणं. ‘नेट-नेक्स्ट’ तर त्या काळात बंदच असते.

बदल, आणि तो तपासणं

एका पॅचमध्ये एकच गोष्ट असावी. लीक दुरुस्त करताना वरच्या कमेंटमधली शुद्धलेखनाची चूक दिसली तर ती वेगळ्या पॅचमध्ये. प्रत्येक पॅच लावल्यावर कर्नल बांधला जायलाच हवा आणि चालायलाही हवा. उद्या कुणी ‘गिट बायसेक्ट’ने, म्हणजे बदलांची यादी अर्धी-अर्धी करत, बग शोधत तुमच्या पॅचच्या मालिकेच्या अध्येमध्ये उतरला आणि तिथे कर्नल बांधलाच जात नसेल, तर त्याच्या शिव्या तुम्हालाच.

आधी फक्त त्या डिरेक्टरीपुरतं ‘मेक’ (कर्नल बांधायची आज्ञा) चालवा आणि त्याला ‘W=1’ हे द्या, म्हणजे एरवी दडलेले इशारे दिसतात. मग ‘चेकपॅच’ चालवा. तो सांगेल ते सगळं मानायचं नसतं. तो सल्लागार आहे. याचं ठळक उदाहरण म्हणजे ‘यू-डिले’ऐवजी (जागं राहून थांबणं) ‘यू-स्लीप-रेंज’ (झोपून थांबणं) वापरा ही त्याची सूचना. हार्डवेअर जवळ नसताना, ते फंक्शन झोपू शकतं की नाही हे न बघता हा बदल पाठवणाऱ्यांची रांग असते आणि मेंटेनर तो परत पाठवतात. अ‍ॅटॉमिक संदर्भात, म्हणजे झोपायला मनाई असलेल्या जागी, झोपायला सांगितलं तर कर्नल कोसळू शकतो.

हार्डवेअर नसेल तर ‘फक्त कंपाइल करून पाहिलं आहे’ असं पॅचसोबत स्पष्ट लिहा. यात कमीपणा नाही. वाचणाऱ्याला कुठे जास्त बारकाईने बघायचं ते कळतं.

कमिट मेसेज

कमिट म्हणजे गिटमध्ये नोंदवलेला बदल, आणि त्यासोबतचा मजकूर हा त्याचा मेसेज. माझ्या मते पॅचचा अर्धा जीव इथे आहे. कोडच्या चार ओळी रिव्ह्यूअर मिनिटभरात वाचेल. त्या का हव्यात, हे मात्र कोडमध्ये लिहिलेलं नसतं. दहा वर्षांनी कुणी त्या ओळीवर ‘गिट ब्लेम’ (ओळ कुठल्या कमिटने आली ते दाखवणारी आज्ञा) चालवेल तेव्हा त्याच्या हातात तुमचा मेसेज असेल, तुम्ही नसाल.

विषयाच्या ओळीत आधी सबसिस्टिम, मग ड्रायव्हर, मग बदल. नेमकं काय लिहायची रीत आहे हे पाहायला त्याच फाइलचा ‘गिट लॉग’ एकोळी स्वरूपात काढा आणि आधीच्यांनी लिहिलंय तसं लिहा. वाक्य आज्ञार्थी असतं. ‘लीक दुरुस्त केला’ असं न लिहिता ‘लीक दुरुस्त कर’, जणू कोडलाच हुकूम सोडताय. ही ओळ सत्तर-पंच्याहत्तर अक्षरांत बसवायची आणि खालचा मजकूर पंच्याहत्तराव्या स्तंभाशी मोडायचा.

मेसेज अर्थातच इंग्रजीत जातो, पण आशय पाहा. वाईट मेसेज असा असतो: ‘मेमरी लीक होत होता तो दुरुस्त केला. के-फ्री जोडलं.’ दुसरं वाक्य डिफमध्ये, म्हणजे बदललेल्या ओळींत, दिसतंच आहे आणि पहिल्यावरून काहीच कळत नाही. चांगला मेसेज असा: ‘क्लॉक मिळवताना एरर आली तर प्रोब थेट परत जातं आणि आधी घेतलेली खाजगी रचना सुटत नाही. क्लॉकचा ड्रायव्हर उशिरा लोड होत असेल तर प्रोब पुन्हा पुन्हा होतं आणि दर वेळी लीक वाढतो. एररच्या वाटेवर ती सोडून दे.’ काय बिघडलं, कुणाला भोगावं लागतं आणि उपाय काय, हे तिन्ही आलं. मधलं वाक्य सर्वांत मोलाचं. ही दुरुस्ती लगेच घ्यायची की पुढच्या आवृत्तीला, हे मेंटेनर त्यावरून ठरवतो.

बग कुठल्या कमिटने आणला हे ‘गिट ब्लेम’ने शोधा आणि ‘फिक्सेस’ ही ओळ जोडा. तिच्यात त्या कमिटच्या हॅशची (ओळखखुणेची) पहिली किमान १२ अक्षरं आणि कंसात त्याचा विषय. जुन्या स्थिर आवृत्त्यांमध्येही दुरुस्ती जायला हवी असेल तर ‘स्टेबल’च्या पत्त्याची सीसी ओळ. बग एखाद्या तपासणी-साधनाने सापडला असेल तर तेही लिहा. हा आग्रह उगीच नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी मुद्दाम सदोष पॅच पाठवून रिव्ह्यूची परीक्षा घेतल्याचं उघड झालं, तेव्हा एप्रिल २०२१ मध्ये स्थिर आवृत्त्यांचे मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून येणारं काम नाकारलं आणि जुने पॅचही पुन्हा तपासावे लागले. अनोळखी माणसाकडून आलेल्या, ‘सापडलं’ एवढंच सांगणाऱ्या पॅचकडे तेव्हापासून लोक अधिक बारकाईने बघतात.

सही

शेवटची ओळ ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची, ‘गिट कमिट’ला एसचा पर्याय दिला की आपोआप येते. तिचा अर्थ मात्र आपोआप घेऊ नका. २००३ मध्ये एससीओ कंपनीने आयबीएमवर दावा ठोकला आणि लिनक्समधला कोड नक्की कुठून आला हा प्रश्न कोर्टात गेला. त्यानंतर २००४ मध्ये ही पद्धत आली. या सहीने तुम्ही सांगता की हा कोड कर्नलच्या खुल्या परवान्याखाली द्यायचा हक्क मला आहे.

हिंजवडीत किंवा खराडीत नोकरी करणाऱ्यांनी इथे थांबून स्वतःचं नेमणूकपत्र वाचावं. नोकरीत असताना लिहिलेलं सगळं कंपनीचं, अशा अर्थाचं कलम पुष्कळ आयटी करारांत असतं, कधीकधी कामाच्या वेळेबाहेरचंही धरून. तसं असेल तर लेखी परवानगी घ्या. परवानगी मिळाली तरी ऑफिसचा मेल वापरण्याआधी एक बघा: बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मेलखाली ‘हा मजकूर गोपनीय आहे’ अशी तळटीप सर्व्हर चिकटवतो का? सार्वजनिक यादीवरच्या, खुल्या परवान्याच्या पॅचखाली ती टीप आली तर मेंटेनर तो हातात घेत नाहीत. खाजगी पत्ता बरा.

एआयकडून लिहून घेतलेल्या कोडलाही हेच लागू. सही माणसाची असते. प्रत्येक ओळ का आहे हे तुम्हाला सांगता येत नसेल तर ती पाठवूच नका, रिव्ह्यूत पहिल्याच प्रश्नाला ते उघडं पडतं.

पाठवणं

‘गिट फॉरमॅट-पॅच’ने कमिटची फाइल बनते. ती ब्राउझरमधल्या जीमेलमध्ये चिकटवू नका. तिथे टॅबचे स्पेस होतात आणि लांब ओळी मोडतात. कर्नलमध्ये इंडेंट टॅबचं असतं, आठ अक्षरांचं, त्यामुळे असा पॅच लागतच नाही. ‘गिट सेंड-ईमेल’ वापरा. जीमेलसाठी टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून वेगळा अ‍ॅप पासवर्ड घ्यावा लागतो.

पहिला पॅच स्वतःलाच पाठवा. आलेला मेल कच्च्या स्वरूपात उतरवा, नव्या ब्रँचवर ‘गिट एएम’ने लावून बघा. लागला तर यादीवरही लागेल. ही दहा मिनिटांची तालीम चारचौघांतली फजिती वाचवते.

कुणाला पाठवायचा हे ‘गेट-मेंटेनर’ ही स्क्रिप्ट सांगते. तिला पॅचची फाइल द्या. मेंटेनर ‘टू’मध्ये, याद्या ‘सीसी’मध्ये. ती कधीकधी गिटच्या इतिहासातून लांबलचक नावं काढते. त्या फाइलला एकदा हात लावलेल्या प्रत्येकाला मेल जायलाच हवा असं नाही.

उत्तर आलं

बऱ्याचदा पहिलं उत्तर माणसाचं नसतंच. इंटेलचा टेस्ट रोबोट तुमचा पॅच निरनिराळ्या आर्किटेक्चरवर बांधून बघतो आणि कुठे मोडला ते कळवतो. त्याला गांभीर्याने घ्या.

माणसाचं उत्तर तुटक असतं. ‘इथे डेव्ह-एम का नाही?’ एवढंच. ना नमस्कार, ना ‘छान प्रयत्न’. हे मनाला लावून घेऊ नका, तो राग नसतो. आपल्या उदाहरणात रिव्ह्यूअर म्हणतोय की ‘डेव्ह-एम’वालं मेमरी फंक्शन वापरलंत तर प्रोब फसल्यावर किंवा डिव्हाइस सुटल्यावर मेमरी आपोआप सुटेल आणि ‘के-फ्री’ जोडायची वेळच येणार नाही. सूचना चांगली आहे, पण आंधळेपणाने मानायची नाही. ड्रायव्हर काढतानाच्या फंक्शनमध्ये आधीपासून ‘के-फ्री’ असेल तर तेही काढावं लागेल, नाहीतर तीच मेमरी दोनदा सुटेल आणि लीकपेक्षा वाईट बग तयार होईल. शिवाय यूजरस्पेसमध्ये, म्हणजे साध्या प्रोग्रॅमांच्या बाजूला, कुणी ती डिव्हाइस फाइल उघडी ठेवली असताना डिव्हाइस काढलं तर ही मेमरी लागणार का, हेही बघा. लागणार असेल तर ‘डेव्ह-एम’ चूक आहे, आणि तसं उत्तरात कारणासह सांगा. रिव्ह्यूअरशी असहमत व्हायला हरकत नाही. गप्प बसून त्याच्या मुद्द्याकडे दुर्लक्ष करणं मात्र चालत नाही.

उत्तर द्यायची रीत: त्याचा मजकूर उद्धृत ठेवायचा, लागेल तेवढाच, आणि त्या त्या ओळीच्या खाली आपलं म्हणणं. सगळ्यात वर ‘ठीक आहे, करतो’ असं लिहून खाली अख्खा धागा लटकवत ठेवायचा नाही. उत्तर सर्वांना जायला हवं, एकट्या रिव्ह्यूअरला नाही. खाजगीत मिळालेलं स्पष्टीकरण पुढच्या वाचणाऱ्याच्या उपयोगाला येत नाही.

मग दुसरी आवृत्ती. घाई नको. निदान एक दिवस जाऊ द्या, कारण दुसऱ्या टाइमझोनमधल्या माणसाने अजून पहिलीच वाचली नसेल. नेटवर्किंगमध्ये तर २४ तासांचा नियमच आहे. विषयात ‘व्ही-२’ यायला हवं. ‘फॉरमॅट-पॅच’ला व्ही पर्यायासोबत आकडा दिला की झालं. काय बदललं ते तीन आडव्या रेघांच्या खाली लिहा, कारण रेघेखालचा मजकूर ‘गिट एएम’ टाकून देतं आणि तो कायमच्या इतिहासात जात नाही. तिथेच आधीच्या आवृत्तीचा लोअरवरचा दुवा द्या. मालिका असेल तर ती जुन्या धाग्याला उत्तर म्हणून न पाठवता नव्याने पाठवा.

कुणी ‘रिव्ह्यूड-बाय’ दिलं असेल तर पुढच्या आवृत्तीत ते जोडायचं काम तुमचं. ‘बी-४’ नावाचं साधन धाग्यातून अशा ओळी गोळा करून देतं. पण त्यानंतर पॅच मुळातून बदलला असेल तर ती ओळ काढून टाका आणि का काढली ते सांगा. आपण न वाचलेल्या कोडखाली आपलं नाव बघून कुणालाही राग येईल.

काहीच उत्तर आलं नाही तर

हे सर्वांत जास्त होतं. दोन-तीन आठवडे थांबा, मर्ज विंडो असेल तर आणखी. मग त्याच धाग्यात एका ओळीची आठवण. तरीही शांतता असेल तर पॅच ताज्या ट्रीवर लागतो का ते बघून, विषयात ‘रीसेंड’ लिहून तोच पुन्हा पाठवा. रोज टोचू नका आणि मेंटेनरला इतर ठिकाणी गाठून विचारू नका.

दुसऱ्यांचे पॅच वाचा

थांबायच्या काळात करण्यासारखं सर्वांत उपयोगी काम हे. त्यासाठी कुणी नेमणूक करत नाही. तुमच्याकडे असलेल्या हार्डवेअरचा एखादा पॅच यादीवर आला तर लावून बघा आणि काय तपासलं ते लिहून ‘टेस्टेड-बाय’ द्या. मेंटेनरला याचं फार मोल असतं, कारण सगळी यंत्रं त्याच्याकडे नसतात.

वाचताना क्रम उलटा होऊ देऊ नका. आधी विचारा: सांगितलेला प्रश्न खरा आहे का? मग: उपाय योग्य जागी आहे का, की रोग एकीकडे आणि मलम दुसरीकडे? नंतर एररच्या वाटा, लॉक कुठे घेतला आणि कुठे सोडला, एकाच वेळी दोन सीपीयू इथे आले तर काय. नावं, मोकळ्या ओळी, कंस हे सगळं शेवटी. नवखा रिव्ह्यूअर शेवटून सुरुवात करतो आणि पाठवणारा तीन आवृत्त्या कंसच हलवत बसतो. मग कुणीतरी येऊन सांगतं की हा बदल मुळात नकोच होता.

‘रिव्ह्यूड-बाय’ म्हणजे तुम्ही तांत्रिक तपासणी केली आहे आणि पॅच घेण्यालायक वाटतो, असं जाहीर विधान. ‘अ‍ॅक्ड-बाय’ सैल आहे: त्या भागाच्या जबाबदार माणसाची संमती. पॅच पुरता समजला नसेल तर नुसता प्रश्न विचारा, टॅग देऊ नका. चांगला प्रश्न हाही रिव्ह्यूच असतो.

घेतला गेला, पुढे काय

मेंटेनरचं ‘अप्लाइड’ आलं की पॅच त्याच्या ट्रीत जातो, तिथून ‘लिनक्स-नेक्स्ट’मध्ये सगळ्यांच्या कामासोबत एकत्र तपासला जातो आणि मग मर्ज विंडोत लिनसकडे पोचतो. तातडीची दुरुस्ती असेल तर आरसीच्या काळातही जाते. स्थिर आवृत्त्यांमध्ये मात्र ती लिनसच्या ट्रीत पोचल्याशिवाय जात नाही.

या काळात तुमच्या बदलाने काही मोडल्याचा मेल आला तर त्याच दिवशी उत्तर द्या, भले ‘बघतोय’ एवढंच. दुरुस्ती लवकर सापडत नसेल तर पॅच मागे घ्यायला तुम्हीच सुचवा. रिव्हर्टची इथे कुणाला लाज वाटत नाही. कारण समजलं की तोच पॅच सुधारून पुन्हा पाठवता येतो.

पॅच कुठल्या आवृत्तीत उतरला हे बघायला लिनसची ट्री ताजी करा आणि ‘गिट टॅग’ला ‘कंटेन्स’ हा पर्याय व तुमच्या कमिटचा हॅश द्या. तो हॅश तुमच्या ब्रँचवरचा नसेल, मेंटेनरने लावताना बदललेला असेल. म्हणून आधी ‘गिट लॉग’मध्ये ‘ऑथर’ पर्याय देऊन स्वतःच्या नावाने शोधा.